लिंबाच्या वड्या आणि तीन मिनिटं

आमच्या काउंटीत माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गोठ्यांची तपासणी तुरुंगाच्या तपासणीपेक्षा जास्त वेळा होते. हे वाक्य माझं नाही. डेलोरिस कुबिआकचं आहे. तिनं ते भर बैठकीत, माइकसमोर उभं राहून म्हटलं होतं आणि मी ते लिहून घेतलं नव्हतं. लिहून घ्यायचं नाही असा नियम होता.

मी नॅडीन. काउंटीच्या कचेरीत एकवीस वर्षं कारकून आहे आणि सार्वजनिक सुरक्षा कमिटीचं इतिवृत्त मी लिहिते. शेरीफ, त्याचा तुरुंग, अँब्युलन्स आणि मुलांच्या पोटगीचं कार्यालय, या सगळ्यांवर लक्ष ठेवायचं काम या कमिटीचं. निवडून आलेले सात सभासद दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी चार वाजता जमतात. शेरीफ आपला अहवाल वाचतो. कोणी काही विचारत नाही. एक जण सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि अहवाल दप्तरी दाखल होतो. मग अँब्युलन्सचा, मग पोटगीचा. साडेपाचला सगळे घरी. दप्तरी दाखल झाला नाही असा अहवाल मी एकवीस वर्षांत पाहिलेला नाही.

बैठकीच्या शेवटी जनतेला बोलायची मुभा असते. माणशी तीन मिनिटं. वेळ मोजायला चेअरमन अर्लिन टेस्केनं घरून अंडी उकडायचं घड्याळ आणून ठेवलंय. ते फिरवायचं कामही माझ्याकडे. बहुतेक महिन्यांत कोणी येत नाही. कधी कोणी रस्त्यावरच्या भरधाव ट्रकबद्दल तक्रार करतं, घड्याळ टिणटिणलं की बसतं. डेलोरिस मात्र चार वर्षं दर महिन्याला आली. फक्त एकदा चुकली, हिमवादळानं सगळे रस्ते बंद होते तेव्हा. त्या दिवशी बैठकच झाली नव्हती, पण ती ते स्वतःचं चुकणं धरायची.

डेलोरिस चीजच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाकिटबंद करायच्या रांगेत उभी होती. सतत गार पाण्यात हात असल्यामुळे तिची बोटं पेरांत वाकली होती आणि कोटाची बटणं लावायला तिला वेळ लागायचा. कोणी मदतीला आलं तर हात झटकायची. नवरा स्टॅन लवकर गेला. एकच मुलगा, लॉनी. तिच्या जिभेला धार होती. कारखान्यात नवा मॅनेजर आला तेव्हा तिनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "का रे बाबा, तू चीज नाकानं तपासतोस की टायनं?" त्या मॅनेजरची पुढे बदली झाली, पण कोणाच्याही टायवर कॉफीचा डाग दिसला की आजही कारखान्यातल्या बायका हसतात, का ते नव्या पोरींना सांगावं लागतं.

लॉनी कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली. मग छपरं शाकारायची कामं करायचा, मिळतील तेव्हा. बायको जोलीनशी काडीमोड झालेला, मुलगी मॅरेन तेव्हा पाच वर्षांची. कोर्टानं ठरवलेली पोटगी तुंबली. जोलीन म्हणत होती की राहू द्या, तो देतो जमेल तसं, पण एकदा फाइल पोटगीच्या कार्यालयात गेली की आईच्या म्हणण्याला विचारतो कोण? लॉनी एका तारखेला कोर्टात गेला नाही. त्या दिवशी छपराचं काम मिळालं होतं. कोर्टाचा अवमान झाला, वॉरंट निघालं, आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पेट्रोल पंपावर त्याला धरलं.

लॉनीला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. तुरुंगात घेताना त्याचा पट्टा, किल्ल्या आणि इन्सुलिन, तिन्ही एकाच पिशवीत घालून कपाटात ठेवलं. नर्स सोमवार ते शुक्रवार यायची, दुपारी चारपर्यंत. शनिवारी त्याला उलट्या सुरू झाल्या. ड्यूटीवरच्या शिपायांना वाटलं की दारू उतरतेय. रविवारी दुपारी तो गेला.

रविवारी दुपारी आमच्या राज्यात काय असतं ते सांगायला नको. फुटबॉलचा सामना असतो. त्या दिवशीचा सामना तर सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण शेवटच्या मिनिटाच्या किकवर आपण जिंकलो. तुरुंगातल्या टीव्हीवरही तोच लागला होता. शेजारच्या कोठडीतल्या माणसानं सुटल्यावर डेलोरिसला गाठून सांगितलं, की मध्यंतराच्या आधी लॉनीनं हाक मारायला सुरुवात केली. पाणी मागत होता, माझं औषध द्या म्हणत होता. शिपाई म्हणाला, "सामना संपू दे." सामना संपला, आरडाओरडा झाला, आणि मग कोणीतरी आत डोकावून पाहिलं. अँब्युलन्सचं गॅरेज तुरुंगाच्या मागच्या दारासमोर आहे, मध्ये फक्त गाड्या लावायची जागा. डेलोरिसनं पावलं मोजली होती. चौऱ्याऐंशी.

शेरीफच्या अहवालात लिहिलं होतं, "कैद्याने वैद्यकीय मदत मागितल्याची नोंद नाही." अहवाल दप्तरी दाखल झाला. सूचक मला आठवत नाही. अनुमोदन सभासद ओपल स्टेन्झेलनं दिलं होतं. ओपल आणि डेलोरिस चर्चमध्ये एकाच रांगेत उभ्या राहून गायच्या.

डेलोरिस वकिलाकडे गेली होती. तो म्हणाला, काउंटीवर दावा करायची मुदत टळली. मुदत चालू होती तेव्हा ही बाई मुलाला पुरत होती. मग उरली आमची तीन मिनिटं.

तिला काय हवं होतं ते तिनं पहिल्याच बैठकीत सांगितलं. पैसे नकोत. कोणाची नोकरी जायला नको. मॅरेन शाळेत जायला लागली होती आणि वर्गातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं, की तुझ्या बापाला तुझ्यासाठी पैसे द्यायचे नव्हते म्हणून तो मेला. पोरगी आजीला विचारायची, "बाबा आजारी होता, तर त्यानं कोणाला हाक का नाही मारली?" आजी म्हणायची, मारली गं, खूप मारली. पोरगी म्हणायची, "मग शेरीफ तर नाही म्हणतो." तेव्हा डेलोरिसला एक ओळ हवी होती. काउंटीच्या वहीत, काउंटीच्या शिक्क्याखाली, की लॉनी कुबिआकनं हाक मारली होती. मॅरेन मोठी झाल्यावर तिच्या हातात ठेवायला.

पण जनतेचं बोलणं इतिवृत्तात येत नाही. मी लिहायचे, "श्रीमती डी. कुबिआक बोलल्या." सभासदांनी उत्तर द्यायचं नाही असाही नियम आहे. तेव्हा ती बोलायची, ते सात जण तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे बघायचे, घड्याळ टिणटिणायचं, अर्लिन म्हणायचा, "आभारी आहोत, मिसेस कुबिआक."

आणि ती वड्या आणायची. लिंबाच्या, वर पिठीसाखर भुरभुरलेल्या. आमच्याकडे बैठकीला रिकाम्या हातानं जायची रीत नाही, मग ती बैठक स्वतःच्या मुलाच्या मरणाबद्दल का असेना. पांढऱ्या काचेची मोठी ताटली, खाली चिकटपट्टीवर शाईनं लिहिलेलं "कुबिआक". चर्चच्या जेवणावळीत ताटल्या हरवतात म्हणून सगळ्याच बायका असं नाव चिकटवतात. ती ताटली बाजूच्या टेबलावर ठेवायची आणि शेरीफचा अहवाल चालू असताना सगळे एकेक उचलायचे. शेरीफ दोन खायचा. ओपलला कडेच्या लागायच्या, जरा करपलेल्या. मीही खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, उत्तम असायच्या. मला मनातून तिचा राग यायचा. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, "डेलोरिस, तुम्ही यांना कशाला खायला घालता? यांची लायकी आहे का?"

ती म्हणाली, "तुझ्या नाकाला साखर लागलीय, पूस."

मी रुमालानं नाक पुसलं.

चार वर्षं झाली. ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार. डेलोरिस आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि तिच्या हातात काही नव्हतं. शेरीफनं अहवाल वाचायला घेतला. ओपलनं बाजूच्या टेबलाकडे पाहिलं. मग दुसऱ्यानं पाहिलं. मग शेरीफनं वाचता वाचता पाहिलं. अहवाल दप्तरी दाखल झाले. जनतेची वेळ आली. डेलोरिस उठून माइकशी गेली, मी घड्याळ फिरवलं, आणि ती तोंड उघडायच्या आतच अर्लिन पुढे वाकून म्हणाला, "मिसेस कुबिआक, आज लिंबाच्या वड्या कुठायत? तब्येत बरी आहे ना?"

सगळे हसले. चार वर्षांत कमिटीनं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

डेलोरिसनं पर्समधून प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं एक कार्ड काढलं. दाराशी ठेवलेलं असतं ते, बोलण्याचे नियम. मीच टाइप केलेलं. तिनं चष्मा लावला.

"नॅडीन, ते घड्याळ थांबव. चौथा नियम. 'सभासदाने वक्त्यास प्रश्न विचारल्यास उत्तरासाठी वेळेची मर्यादा राहणार नाही. प्रश्न व उत्तर इतिवृत्तात नोंदवले जाईल.' विचारला ना प्रश्न अर्लिननं?"

अर्लिननं काउंटीच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि खोकून म्हणाला, "तसं आहे खरं."

मी घड्याळ बंद केलं. चार वर्षं ही बाई ताटल्या भरभरून आणत होती आणि आम्ही समजत होतो की बिचारी भोळी आहे. तिला ठाऊक होतं की मुलाबद्दल हे सात जण कधी अवाक्षर काढणार नाहीत. वड्यांबद्दल मात्र काढतील, फक्त आधी त्यांना सवय लागली पाहिजे. बरं, हा चौथा नियम मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. मीच टाइप केला होता. तिच्या कानात सांगायला मला चार वर्षांत जमलं नव्हतं.

"वड्या का नाहीत ते सांगते," डेलोरिस म्हणाली. "वड्या मी रविवारी दुपारी करते. त्या रविवारीही करत होते. रेडिओवर सामना लावला होता. अर्लिन, तू कुठं होतास रे त्या दिवशी? ती शेवटची किक बसली तेव्हा?"

अर्लिन गोंधळला. "मी? मेव्हण्याकडे. त्याच्या तळघरात बघत होतो."

"ओपल, तू गं?"

"घरीच होते," ओपल हळू आवाजात म्हणाली. "भावंडं आली होती."

"बघा, सगळ्यांना आठवतंय. मध्यंतर कधी झालं तेही आठवत असेल. मध्यंतराच्या आधी माझ्या लॉनीनं हाक मारली. सामना संपेपर्यंत मारत होता. अर्लिन, तू मेव्हण्याकडे, ओपल, तू भावंडांबरोबर, मी वड्या कापत होते, आणि तो इथं खाली होता. या फरशीच्या खाली. फक्त तुरुंगाच्या वहीलाच काही आठवत नाही."

ती अकरा मिनिटं बोलली. शेजारच्या कोठडीतल्या माणसाचं नाव सांगितलं, त्याची सही असलेला कागद वाचून दाखवला. चौऱ्याऐंशी पावलं सांगितली. आवाज चढवला नाही. शेरीफ आपल्या फोनकडे बघत बसला होता. शेवटी ती म्हणाली, "म्हणून आज वड्या नाहीत," आणि जाऊन बसली. रेकॉर्डर चालू होता. मी शब्दन् शब्द लिहून घेतला.

त्या आठवड्यात मी दोन पानी इतिवृत्त टाइप केलं. लॉनी कुबिआक हे नाव त्यात नऊ वेळा आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाची लाज वाटली नाही. डेलोरिस कार्यालयात डोकावली तेव्हा मी तिला मसुदा दाखवला. तिनं वाकड्या बोटानं एकेक ओळ वाचली.

"शिक्का कधी मारायचा याच्यावर?"

"नोव्हेंबरच्या बैठकीत मंजूर झालं की लगेच."

"थँक्सगिव्हिंगला मॅरेन येणार आहे," ती म्हणाली. "आता नऊची झालीय. वाचता येतं तिला."

नोव्हेंबरची बैठक. पहिला विषय नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त. अर्लिननं विचारलं, "काही दुरुस्ती?" हा प्रश्न तो दर महिन्याला विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. या वेळी तो थांबला. ओपलनं हात वर केला. तिच्यापुढे टाइप केलेला कागद होता, आणि तो मी टाइप केलेला नव्हता.

"माझी दुरुस्तीची सूचना आहे," तिनं वाचलं. "चेअरमननी विचारलेला प्रश्न खाद्यपदार्थाबद्दल होता. नियमाप्रमाणे त्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच नोंदवावं. इतर मजकूर प्रश्नाला धरून नसल्यामुळे वगळावा."

कोणीतरी अनुमोदन दिलं. सात विरुद्ध शून्य. डेलोरिस खुर्चीत होती. ओपल तिच्याकडे बघत नव्हती, कागदाची घडी घालत होती, चार चार वेळा. मला वाटलं डेलोरिस आता काहीतरी बोलेल, असं काही की त्या बाईला जन्मभर लागेल. तिला जमलं असतं. ती उठली, कोट घातला, बटणं न लावताच गेली.

बैठक संपल्यावर अर्लिन माझ्या टेबलाशी आला. धमकी वगैरे काही दिली नाही. अर्लिन तसा वाईट माणूस नाही, ट्रॅक्टर विकतो, माझ्या वडिलांना त्यानं हप्त्यांवर दिला होता. नुसतं म्हणाला, "रेकॉर्डिंगचं नेहमीप्रमाणे ना, नॅडीन?"

नियम असा, की इतिवृत्त मंजूर झालं की रेकॉर्डिंग पुसायचं.

"नेहमीप्रमाणे," मी म्हटलं.

माझ्या पेन्शनला चौदा महिने राहिले होते. मी रेकॉर्डर घरी नेऊ शकले असते. हरवला म्हणू शकले असते. असल्या सगळ्या गोष्टी मला नंतर सुचल्या, आणि हेही खोटं आहे, त्याच वेळी सुचल्या होत्या. मी बटण दाबलं. अकरा मिनिटं पुसायला एक क्षणही लागत नाही. घरी जाऊन मी जेवलेसुद्धा.

गुरुवारी सकाळी डेलोरिस आली, इतिवृत्ताची शिक्क्याची प्रत मागायला. मी प्रत काढली, शिक्का मारला, काउंटरवरून पुढे केली. तिनं मोठ्यानं वाचलं. "'चेअरमननी लिंबाच्या वड्यांबद्दल विचारणा केली. श्रीमती कुबिआक यांनी वड्या आणल्या नसल्याचे सांगितले.'"

तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"रेकॉर्डिंग आहे ना पण?"

"नाही," मी म्हटलं. "पुसलं. इतिवृत्त मंजूर झालं की पुसायचं असा नियम आहे."

"तू पुसलंस?"

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या पोरानं पण मला हेच सांगितलं होतं. शिपायानं. अंत्यविधीला आला होता. नर्सशिवाय कपाट उघडायचं नाही, असा नियम होता म्हणे." मग ती म्हणाली, "माझी ताटली देतेस? सप्टेंबरपासून राहिलीय इथं."

ताटली खालच्या खोलीत होती, शिपायांच्या चहापाण्याच्या. त्यांनी तिच्यात डोनट ठेवले होते. मी ते कागदी रुमालावर काढले, ताटली धुतली, पुसली, वर आणली. डेलोरिसनं ती उलटी करून पाहिली. नावाची पट्टी जागेवर होती. तिनं नखानं ती एका कोपऱ्यापासून सोडवायला घेतली. त्या बोटांनी पुष्कळ वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही. पट्टी निघाल्यावर तिनं ती माझ्या इतिवृत्ताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

"एवढं तरी पुसू नकोस," ती म्हणाली, आणि ताटली कोटाखाली धरून गेली.

डिसेंबरमध्ये ती आली नाही. जनतेची वेळ आली तेव्हा अर्लिननं खोलीभर पाहिलं, कोणी नव्हतं, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी बैठक संपली. ओपल दुकानातून बिस्किटं घेऊन आली होती. कोणी फारशी खाल्ली नाहीत.

ती पट्टी मी पुसली नाही. सोलली नाही. तेवढा शब्द पाळला. जानेवारीत दरवर्षीप्रमाणे नवी वही आली, आणि जुनी पट्टीसकट तळघरात गेली, दप्तरी दाखल. नेऊन ठेवायचं काम माझंच असतं.